खजिनदाराविना मंडळ

कासा-चारोटी पट्ट्यातल्या आमच्या पाड्यावरच्या पोरांनी अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार ही तिन्ही पदं एकाच बैठकीत निकालात काढली, याचं कौतुक करावं तेवढं थोडंच. खजिनदार म्हणजे नऊ ऑगस्टच्या आदिवासी दिनाची वर्गणी गिचमिड अक्षरात वहीत टिपणारा माणूस. त्याला टपरीवर गाठून हिशेब विचारता येई, वेळ पडल्यास गचांडीही धरता येई. किती मागासलेली व्यवस्था! आता हिशेब ब्लॉकचेनवर आहे. जगात कोणीही तो पाहावा, कोणालाही खोडता येणार नाही. पाड्यावरच्यांनी मात्र पाहायला सूर्या नदीच्या पुलावर जावं. रेंज तिथेच येते.

मतदानही सुधारलं. पूर्वी हात वर करायचे. म्हातारीचा आणि पदवीधराचा हात सारखाच मोजला जाई. आता ज्याची डिजिटल टोकनं जास्त, त्याची मतं जास्त. वापीला रात्रपाळी करणाऱ्या एका भावाने पगारातून भरपूर टोकनं घेतली, त्यामुळे बॅनर आणि डीजे तोच ठरवतो. तो पुढारी नाही, हे मुद्दाम सांगतो.

जगाचा अनुभवही हुरूप वाढवणारा आहे. 2016 साली इथेरियम या ब्लॉकचेनवरच्या 'द डाओ' नावाच्या बिनपुढाऱ्यांच्या तिजोरीतून कोणीतरी सुमारे 36 लाख इथर (तिथलं डिजिटल चलन) वळते केले. कोडमध्ये लिहिलेला नियम हाच शेवटचा शब्द, आणि फट नियमातच होती. तरी सुमारे महिन्याभरात इथेरियमवाल्यांनी ब्लॉकचेनची साखळीच दुभंगून पैसे परत फिरवले. हे कोणाच्या सांगण्यावरून, असं विचारणं असभ्यपणाचं.

जुनी माणसं अडाणीच. आवणीला एकमेकांच्या शेतात राबणार, पावती कोणाकडेच नाही. नाचात तारपेकरी मधोमध, त्याचा सूर फिरला की सगळ्यांचे पाय फिरणार. केंद्रीकरणाचा याहून ढळढळीत पुरावा कोणता? 1945 मध्ये तलासरीजवळच्या झरीला हजारो वारली जमले, शेतकरी पुढारी गोदावरी परुळेकरांचं ऐकलं आणि वेठीला नाही म्हणाले. एकाकडेही टोकन नव्हतं.

आमच्या तिजोरीची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द. कागद हरवतो म्हणून एका हुशार पोराने ते घरातल्या कुडावर बॉलपेनने लिहिले. आषाढात रेंज शोधताना, ज्यावरून तिजोरी उघडायची तो त्याचा फोन पुलावरून सूर्येत गेला. तरी तो निवांत होता, कूड होता ना. दिवाळीला त्याच्या आईने कूड शेणाने सारवला, वर गेरू फिरवला. वर्गणी साखळीवर जशीच्या तशी आहे, पुलावरून स्वच्छ दिसते.

आईला बैठकीत बोलवायचं की नाही, यावर मतदान ठेवलंय. भाऊ सध्या रात्रपाळीला आहे.