स्कोअरिंग फ्रेंच

कॅनडा हा द्विभाषिक देश आहे हे नव्या माणसाला कळतं ते राज्यघटनेतून नव्हे, नाश्त्याच्या टेबलावर. आमच्या ऑन्टॅरिओत दूध पिशवीत मिळतं. हो, आपल्यासारखंच, फक्त ही पिशवी चार लिटरची आणि तिच्या पोटात आणखी तीन पिशव्या. तिच्यावर एकदा इंग्रजीत आणि एकदा फ्रेंचमध्ये सगळा मजकूर छापलेला. १९७०च्या दशकातल्या कायद्यामुळे या देशातली शाम्पूची बाटलीसुद्धा दोन्ही राजभाषा जाणते. माणसांचं तसं नाही. २०२१च्या जनगणनेत दोन्ही भाषांत संभाषण करता येतं असं सांगणारे साधारण १८ टक्के निघाले, आणि क्वेबेक वगळून उरलेल्या देशात तर १० टक्क्यांच्याही आत. त्या १० टक्क्यांत मी मोडतो की नाही, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही. पण जनगणनेचा फॉर्म मी भरला होता.

आता मुळात हा आत्मविश्वास आला कुठून, ते सांगतो. आमच्या वेळी पुण्यात अकरावीला सायन्स घेतलेली मुलं फ्रेंच, जर्मन नाहीतर संस्कृत घ्यायची ती काही साहित्याच्या ओढीनं नव्हे. मराठी घेतलं की निबंधात मार्क कापतात आणि मग इंजिनिअरिंग हुकतं, अशी घराघरात ठाम समजूत होती, म्हणून टक्केवारी वर ओढायला ही 'स्कोअरिंग' भाषा. रिकाम्या जागा भरा, क्रियापदं चालवा, आयफेल टॉवरवर दहा ओळी लिहा. मला नव्वदच्या वर मार्क पडले. त्या दोन वर्षांत फ्रेंच शब्द तोंडातून बाहेर काढायची वेळ मात्र कधी आली नाही, कारण तोंडी परीक्षेला आमच्या कॉलेजात मार्कच नव्हते, आणि ज्याला मार्क नाहीत ते करायचं नाही एवढं तत्त्वज्ञान आम्हाला त्या वयातही पक्कं होतं. तर याच मार्कलिस्टच्या भरवशावर, पुढे अनेक वर्षांनी ओटावात एका सरकारी खात्यात चिकटताना "फ्रेंच येतं का?" असं विचारल्यावर मी "थोडंफार" असं न म्हणता "हो" म्हणालो.

ओटावा म्हणजे राजधानी. मधे नदी, आणि पूल ओलांडला की पलीकडे गाटिनो, म्हणजे क्वेबेक प्रांत. तिकडे रस्त्यावरच्या लाल अष्टकोनी पाटीवर 'स्टॉप' नसतं, 'आरे' असतं. (खुद्द फ्रान्समध्ये त्याच पाटीवर बिनदिक्कत 'स्टॉप' लिहितात. अल्पसंख्याकाला भाषा जपावी लागते, घरधन्याला नाही.) आमच्या ऑफिसात निम्मे लोक रोज पूल ओलांडून येतात. मीटिंग सुरू होताना साहेब दोन वाक्यं फ्रेंचमध्ये म्हणतात, गणेशपूजन झाल्यासारखे सगळे क्षणभर गंभीर होतात, आणि मग पुढचा तासभर इंग्रजी. माझी अडचण वेगळीच. मी मोठ्या हिमतीनं घरून वाक्य जुळवून न्यायचं, कॉफीच्या मशीनपाशी एखाद्या फ्रेंचभाषक सहकाऱ्याला गाठायचं, तोंड उघडायचं, आणि माझं पहिलं क्रियापद कानावर पडताक्षणी त्यानं अत्यंत प्रेमळपणे इंग्रजीवर यायचं. फ्रेंच माणसं अशी दयाळू असतील तर शिकायचं कसं?

ही तक्रार मी घरी केली. बायको चपाती लाटत होती. "पुण्यात काय करायचास तू?" तिनं विचारलं. "रिक्षावाला बिचारा मोडकंतोडकं मराठी बोलत असायचा, की तू लगेच 'भैया, कितना हुआ' सुरू." मी पाणी प्यायला उठलो.

मग मी ठरवलं, शब्दसंग्रह वाढवायचा, आणि तोही फुकटात. स्वयंपाकघरातला प्रत्येक डबा हेच पाठ्यपुस्तक. महिनाभरात मला हलवून वापरा, थंड जागी ठेवा, यात शेंगदाणे असू शकतात, मुलांपासून दूर ठेवा, इतकं सगळं अस्खलित येऊ लागलं. माणसांशी यातलं काय बोलायचं हा प्रश्न होता, पण संधी चालून आली. आमच्या विभागाच्या मुख्य बाई क्वेबेकच्या, करारी, कमी बोलणाऱ्या. लांबच्या रजेवरून परत आल्या त्या केस अगदी बारीक कापून. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. आता 'आधीपेक्षा छान दिसतंय' एवढंच म्हणायचं होतं, आणि त्यासाठीचे दोन्ही शब्द तर मी रोज सकाळी दह्याच्या डब्यावर वाचत होतो: 'मेय्यर' म्हणजे अधिक छान, 'आव्हाँ' म्हणजे आधी. मी हसून, त्यांच्या केसांकडे हातानं अदबीनं निर्देश करून म्हणालो, "मेय्यर आव्हाँ!" डब्यावर त्याचा अर्थ 'या तारखेआधी खा' असा असतो. बाईंच्या केसांकडे बोट दाखवून म्हटलं की 'आधी बरं होतं' असा होतो. लिफ्ट फार सावकाश चढली. आपला मजला आल्यावर बाई बाहेर पडल्या, वळल्या आणि निर्दोष इंग्रजीत म्हणाल्या, "घरीही हेच म्हणाले."

यातून सावरतोय तोच गाटिनोच्या एका सहकाऱ्यानं शनिवारी घरी जेवायला बोलावलं. चक्क फ्रेंचमध्ये! शेवटपर्यंत त्यानं इंग्रजी शब्द काढला नाही, आणि मीही मान डोलवत सगळं समजल्याचा चेहरा शेवटपर्यंत टिकवला. 'दिने'ला या, एवढं पकडलं. 'दिने' म्हणजे रात्रीचं जेवण, हे अकरावीच्या पुस्तकात चित्रासकट होतं. मेणबत्ती, सूप, काळोखी खिडकी. आम्ही शनिवारी संध्याकाळी सात वाजता, ठेवणीतले कपडे घालून, बासुंदीचा डबा धरून बेल वाजवली. दार उघडलं ते पायजमा घातलेल्या यजमानानं. आत पोरं दात घासत होती. बिचाऱ्यांनी दुपारी दोनपर्यंत आमची वाट पाहिली होती, कारण पुस्तक पॅरिसचं होतं, आणि क्वेबेकात 'दिने' दुपारी असतं, रात्री असतं ते 'सुपे'. त्या माउलीनं मटारचं सूप पुन्हा गरम केलं. आम्ही ते तीन-तीनदा छान म्हणत प्यायलो. परतताना गाडीत मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "बाबा, मला विचारायचंस ना. हे आम्हाला दुसरीतच शिकवलं."

ती फ्रेंच इमर्शनला आहे. म्हणजे इंग्रजी बोलणाऱ्या घरातल्या मुलांना शाळेत बहुतेक विषय फ्रेंचमधून शिकवायचे. १९६५मध्ये माँट्रियालजवळच्या सँ-लाँबेरमध्ये काही इंग्रजी आईबापांनी हट्टानं असा पहिला वर्ग सुरू करवला. आता देशभर हे वर्ग आहेत आणि प्रत्येक वर्गामागे आमच्यासारखे पालक आहेत, ज्यांना गृहपाठाची सूचनाही मुलांकडून समजून घ्यावी लागते.

शेवटी ऑफिसनं सरकारी खर्चानं मला शिकवणीला घातलं. आमच्या मादाम ऑन्टॅरिओच्याच, पण मातृभाषा फ्रेंच. आकड्यांपाशी मी पहिल्यांदा चमकलो. सत्त्याण्णवला त्या 'चार वीस सतरा' म्हणतात हे ऐकून सगळा वर्ग कण्हला, पण माझी गुहागरची आजी नारळ विसांत मोजायची, चार विसा आणि वर सतरा, त्यामुळे मला गलबलून आलं. एवढं एकच यश. बाकी वर्गात मी मुख्यतः वाद घातला, आणि तोही इंग्रजीत. माझा मुद्दा बिनतोड होता, असं मला वाटत होतं. म्हटलं, मादाम, १९६९चा राजभाषा कायदा नीट पाहा. तो सरकारला दोन भाषा शिकायला सांगतो, नागरिकाला नाही. सरकारनं दोन्ही भाषा शिकायच्या त्या कशासाठी, तर नागरिकाला एकाच भाषेत निवांत जगता यावं म्हणून! म्हणजे देश द्विभाषिक असणं ही माझ्या एकभाषिकपणाची हमीच आहे.

मादामनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "पण पगार कोण देतं तुम्हाला?" सरकार, असं मी पुटपुटलो. "म्हणजे कायद्यातलं सरकार तुम्हीच."

पुढे त्यांनी एक गोष्ट सांगितली. १९१२मध्ये ऑन्टॅरिओत सतरा क्रमांकाचा नियम आला आणि पहिल्या दोन इयत्तांनंतर शाळेत फ्रेंचमधून शिकवायला बंदी झाली. त्यांच्या आजीच्या वर्गात इन्स्पेक्टर यायचा झाला की फ्रेंच पुस्तकं बाकाखाली जायची आणि इंग्रजी वर यायची. तो गेला की उलट. मला वाटतं, कॉफीच्या मशीनपाशी माझं पहिलं क्रियापद ऐकून इंग्रजीवर येण्याची ती लगबग तिथूनच आलेली असणार. आणि मी त्याला दयाळूपणा समजत होतो. क्वेबेकबाहेरच्या फ्रेंच माणसाला दोन्ही भाषा येतात, कारण त्याला पर्याय नाही. इंग्रजी माणसाला येत नाहीत, कारण त्याला पर्याय आहे. मग द्विभाषिक देशाचा भार उचलतो कोण? पार पश्चिम किनाऱ्याकडच्या सरे शहरात ट्रक चालवणाऱ्या पंजाबी माणसानं फ्रेंच शिकलंच पाहिजे असं मी म्हणणार नाही. त्याच्या डोक्यात आधीच दोन-तीन भाषा आहेत आणि क्वेबेक त्याच्यापासून चार हजार किलोमीटरवर आहे. पण पुलाच्या अलीकडे बसून सरकारी खुर्ची उबवणाऱ्यानं शिकलंच पाहिजे. हे मत मी वर्गात उघड बोललो नाही. माझ्यावरच उलटलं असतं.

धीर येत होता तो एकाच गोष्टीचा. २०२१मध्ये मेरी सायमन या देशाच्या गव्हर्नर जनरल झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या आदिवासी व्यक्ती. त्यांना इनुक्टिटूट आणि इंग्रजी अशा दोन भाषा उत्तम येतात, पण फ्रेंच तेव्हा येत नव्हतं. जन्म क्वेबेकच्या उत्तर भागातला, पण तिथल्या केंद्र सरकारच्या शाळेत त्यांना फ्रेंच शिकायची संधीच मिळाली नाही. दोन भाषा येऊनही 'द्विभाषिक नाहीत' म्हणून राजभाषा आयुक्तांकडे तक्रारींचा ढीग पडला. त्यांनी या वयात शिकायचं कबूल केलं. म्हटलं, चला, वर्गात आपण एकटे नाही.

मग तोंडी परीक्षा आली. परीक्षक अत्यंत सौम्य. "तुमच्या कामाबद्दल सांगा," म्हणाले. मी सुरुवात बरी केली, पण दोन वाक्यांनंतर माल संपला, घाम फुटला, आणि मेंदूनं संकटकाळी जे हाताशी होतं ते पुढे केलं. आमच्या विभागातल्या फायली थंड आणि कोरड्या जागी ठेवाव्यात, असं मी सांगितलं. साहेब उघडण्यापूर्वी नीट हलवावेत, असंही. परीक्षकांनी काहीतरी लिहून घेतलं आणि खिडकीकडे पाहत राहिले. खांदे मात्र हलत होते.

निकाल ईमेलवर आला: 'ए'. मी खुर्चीतून उडालो. पुण्याला फोन लावला, आई तिकडे रात्री जागी झाली, तिला म्हटलं, सरकारी फ्रेंचच्या परीक्षेत 'ए'! आईनं सकाळी चितळ्यांचे पेढे आणून सोसायटीत वाटले. दुपारी मादामनी मला बाजूला घेऊन समजावलं की कॅनडा सरकारच्या भाषा परीक्षेत 'ए' ही सगळ्यात खालची पायरी. त्याच्या वर 'बी', त्याच्या वर 'सी', आणि ज्यांची पुन्हा परीक्षाच घ्यायला नको ते 'ई'. माझ्या जागेला 'बी' लागत होता. दोन्ही भाषा जाणणाऱ्या कर्मचाऱ्याला सरकार वर्षाला ८०० डॉलर भत्ता देतं. १९७७पासून तो एका डॉलरनंही वाढलेला नाही. मला तेवढाही मिळेना.

आईला मी हे कळवलं नाही. पेढे लोकांच्या पोटात गेले होते.

पण सोसायटीत बातमी राहिली. आता कॅनडाच्या पीआरला, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या परवान्याला, फ्रेंचचे जादा गुण मिळतात, २०२३पासून फ्रेंचवाल्यांची निवड वेगळीही होते. फेब्रुवारी २०२४मध्ये तर अशा एका फेरीत ३३६ गुणांवर बोलावणं गेलं, तेव्हा बाकीचे पाचशेच्या वर असूनही ताटकळत होते. तेव्हा समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंनी आईला गाठलं. त्यांचा मुलगा इंजिनिअर, पुण्यात फ्रेंचचा क्लास करतो, फक्त बोलायचा सराव हवा, आणि तुमच्या मुलाला तर सरकारी 'ए' आहे! आईनं परस्पर वेळसुद्धा ठरवून टाकली.

रविवारी व्हिडिओ कॉल लागला. पोरगं चुणचुणीत. त्यानं "बोंजूर, काका" म्हटलं, मी "बोंजूर" म्हटलं, आणि मग तो जो सुटला, घशातल्या खऱ्याखुऱ्या 'र'सकट, हातवारे करत, भूतकाळाचे दोन-दोन प्रकार वापरत, की मला त्यातलं 'कॅनडा' तेवढं कळलं. तो थांबला. आता माझी पाळी होती.

"बाळ," मी इंग्रजीत म्हणालो, "नेटवर्कचा जरा घोळ दिसतोय. तुझं फ्रेंच तुटक येतंय इकडे. आपण इंग्रजीतच बोलू या का?"

"काका, पण इंग्रजी नीट येतंय?"