खिशातल्या कॅमेऱ्याला नळकांडं जोडण्याची शास्त्रोक्त पद्धत
(नेर परसोपंत व पंचक्रोशीतील होतकरू छायाचित्रकारांसाठी)

कॉम्पॅक्ट कॅमेरा माणूस एकाच कारणासाठी घेतो, तो शर्टाच्या खिशात मावतो म्हणून. तो तिथे पुन्हा कधीही मावू नये यासाठी काय काय करता येतं, ते पुढे क्रमाने दिलं आहे.

पायरी १ : गरज निर्माण करा

लेन्स हूड म्हणजे भिंगापुढे काढलेली पडवी. जो उजेड फोटोच्या चौकटीत नाही, पण बाजूने भिंगावर तिरपा पडतो, तो तिने अडवायचा. नाही अडवला तर तो आतल्या काचांवर आपटत फिरतो, फोटोवर दुधाळ थर चढतो, काळ्याचा राखाडी होतो आणि नवरदेवाच्या गालावर रंगीत ठिपका उमटतो.

असा उजेड नेरला फुकट मिळतो, मात्र वेळ पाळावी लागते. मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात भरदुपारी सूर्य इथे थेट डोक्यावर येतो आणि विजेच्या खांबाची सावली खांबाच्याच पायाशी गोळा होते. अशा वेळी पारा ४४ अंशांजवळ असला, तरी समोर रोखलेल्या कॅमेऱ्याला हूड फारसा लागत नाही. दुपट्टा तुम्हाला लागतो. हूडचा मुहूर्त सकाळ-संध्याकाळचा, ऊन आडवं येतं तेव्हाचा.

पायरी २ : आपला कॅमेरा कोणत्या जातीचा आहे ते पाहा

मोठ्या कॅमेऱ्याच्या भिंगाला पुढे आटे असतात. हूड फिरवला की काम झालं. कॉम्पॅक्टचं भिंग बटण दाबल्यावर बाहेर येतं, झूम केल्यावर आणखी येतं आणि बंद केल्यावर आत जातं. या चंचल जीवावर काही बसवायचं तर मध्यस्थ लागतो. त्यालाच अडॅप्टर म्हणतात.

कॅननच्या जी-१०, जी-११ आणि जी-१२ या कॅमेऱ्यांना भिंगाभोवती एक कडी असते. शेजारचं बटण दाबून ती काढायची आणि तिथे एलए-डीसी-५८के हे नळकांडं बसवायचं. त्याच्या तोंडाला ५८ मिमीचे आटे मिळतात. काढलेली कडी जपून ठेवा. ती हरवण्यासाठीच बनवलेली असते.

फुजीच्या एक्स-१०० ला आधी पुढची कडी काढून अडॅप्टर रिंग आणि मग तिच्यावर हूड, असा दुमजली प्रकार आहे. तो चढवला की कॅमेऱ्यासोबत आलेलं टोपण बसत नाही. म्हणजे नवीन टोपण घ्या. सोनीच्या आरएक्स-१०० च्या भिंगाला आटेच नाहीत. त्यासाठी कंपनीने ४९ मिमीची रिंग काढली, ती चक्क चिकटवायची. मोठ्या किमतीचा कॅमेरा घेऊन त्यावर काहीतरी चिकटवण्याचं धाडस ज्याच्यात आहे, तो या मार्गावर पुढे जाईल.

पायरी ३ : खरेदी

आधी गावातच चौकशी करा. संवाद साधारण असा होतो :

"भाऊ, अठ्ठावन्न एमेमचं अडॅप्टर हाय का?"

"हाय ना. साधं देऊ का फास्ट चार्जिंगचं?"

यानंतर ऑनलाइन मागवा. मागवताना आकडे नीट वाचा. स्टेप-अप रिंगवर '५२-५८' असं लिहिलेलं असेल, तर पहिला आकडा भिंगाकडचा आणि दुसरा पुढचा. उलटी मागवली तरी फेकू नका. अशा रिंगांचा एक डबा प्रत्येक साधकाच्या घरी असतोच, त्याची सुरुवात झाली असं समजा.

पायरी ४ : आटे चढवणे

हे आटे फार बारीक असतात. दोन आट्यांमधलं अंतर बहुधा पाऊण मिलिमीटर. जोर लावू नका. रिंग आधी उलटी फिरवा, 'टक्' असं जाणवलं की मग सुलटी. वाकडी बसलेली रिंग नेरमधला कोणताही मेकॅनिक काढून देईल, पण पाना बघून भिंगाला काय वाटेल याचा विचार करा.

पाकळ्यांचा हूड घेतला असेल, तर लांब पाकळ्या वर-खाली यायला हव्यात. तिरका बसला तर फोटोच्या कोपऱ्यांत त्याच पाकळ्या दिसतील.

पायरी ५ : नळकांड्याशी जुळवून घेणे

नळकांडं इतकं लांब हवं की पूर्ण बाहेर आलेलं भिंग त्यावर आपटणार नाही. पण तेवढं लांब घेतलं की झूम न करता काढलेल्या फोटोचे कोपरे काळे येतात. उपाय सोपा आहे, झूम करा आणि चार पावलं मागे जा. मागे नाली आहे का, ते आधी बघा.

फ्लॅश मारलात तर नळकांड्याची सावली फोटोत येते. जी-११ सारख्या कॅमेऱ्याच्या छोट्या खिडकीतून पाहिलंत, तर एका कोपऱ्यात तेच नळकांडं दिसतं. या स्थितीला व्यवसायात 'सेटअप' म्हणतात.

पायरी ६ : प्रात्यक्षिक

पोळ्याचा दिवस उत्तम. बैल तोरणाखाली रांगेत उभे आहेत, मटाट्या बांधल्या आहेत, झुली चढल्या आहेत, झडत्या सुरू आहेत आणि पश्चिमेकडून ऊन आडवं येतंय. तुम्ही नळकांडं रोखा. बैल बिचकतो. धनी विचारतो, "कायले लावलं हे डबडं, बाप्पा?" ऊन अडवायला, असं सांगा. तो स्वतःचा हात कॅमेऱ्याच्या बाजूला, चौकटीबाहेर धरेल आणि म्हणेल, "आता काढा."

फोटो स्वच्छ येईल. काळा काळाच, हिंगूळ हिंगूळच. या पद्धतीला आटे लागत नाहीत, ती कोणत्याही मॉडेलला बसते आणि कोपरे काळे करत नाही. म्हणूनच ती या मार्गदर्शिकेत शिफारस करण्यायोग्य नाही.

शंकासमाधान

*हूडने भिंगाचं रक्षण होतं का?*
होतं. धक्का आधी हूडला बसतो. मात्र हूड नसता, तर कॅमेरा खिशात असता.

*सूर्य थेट चौकटीत असेल तर?*
मग कोणताही हूड उपयोगाचा नाही. तोंड फिरवा.

*लोक मान देतात का?*
देतात. उघड्या कॉम्पॅक्टला लग्नात "सरका जरा" म्हणतात, नळकांड्याला "सर, इकून घ्या" म्हणतात. अडॅप्टरची खरी किंमत इथे वसूल होते.

*मोबाइललाही असा हूड मिळतो का?*
मिळतो. मोठ्याने विचारू नका, घरात आणखी चार मोबाइल आहेत.