पट्टी हलते आहे ना!

लॅपटॉप मुका झाला, तर तो का मुका झाला हे त्यालाच विचारायचं, अशी सध्याची रीत आहे. कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर उजवी क्लिक करायची आणि ‘ट्रबलशूट’ म्हणायचं. तो थोडा वेळ घुटमळतो आणि कळवतो, की समस्या आढळली नाही. आरोपीनेच चौकशी करावी आणि अहवालही आपणच स्वीकारावा, यात आपल्याला काही नवं नाही. त्यावर मी रागावत नाही.

माझा राग आहे तो हिरव्या पट्टीवर.

आवाजाच्या सेटिंगमध्ये स्पीकरच्या नावाशेजारी ती उभी असते. गाणं लावा, कुणाला बोलू द्या, ती वरखाली नाचते. म्हणजे यंत्राच्या दप्तरी आवाज सुरू आहे. खोलीत मात्र पंख्याच्या घरघरीशिवाय काही ऐकू येत नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात धानाच्या किडींवर ऑनलाइन मार्गदर्शन ठेवून पाहा. सभागृह भरलेलं, भिंतीवर पांढरी चादर, चादरीवर तज्ज्ञांचे ओठ हलताहेत. साहेब तुडतुड्यांवर बोलताहेत की गादमाशीवर, कळायला मार्ग नाही. मागून कुणी तरी ओरडतं, ‘भाऊ, आवाज नाही येऊन राहिला!’ लॅपटॉपपाशी बसलेला पोरगा मान वर न करता सांगतो, ‘येऊन तं राहिला ना काका. हे पाहा, पट्टी हलते!’ सभागृहभर कान खोटे, बोटभर पट्टी खरी.

आणि पट्टी खोटं बोलत नाही, हीच तर गंमत! आवाज निघालेला असतो. फक्त तुमच्यापर्यंत आलेला नसतो. प्रोजेक्टरची एचडीएमआय वायर जोडली की लॅपटॉप परस्पर ठरवतो, चित्राबरोबर आवाजही तिकडेच. प्रोजेक्टरला स्पीकर आहे का, तो वाजतो का, याची विचारपूस नाही. नाही तर कुणी तरी कधी काळी ब्लूटूथ स्पीकर जोडलेला असतो, तो भिंतीपलीकडे चालू असतो आणि गादमाशीवरचं व्याख्यान शेजारच्या स्वयंपाकघरात पार पडतं. तिसरा प्रकार सर्वांत इरसाल. हेडफोनच्या भोकात एक इवलीशी पत्ती असते. पिन आत गेली की ती दाबली जाते आणि लॅपटॉपचे स्वतःचे स्पीकर गप्प होतात. राइस मिलच्या गावात त्या भोकात कोंडा जाऊन बसायला वेळ लागत नाही. पत्ती अडकली, की लॅपटॉपची ठाम समजूत होते, की हेडफोन लावलेला आहे. मग त्या नसलेल्या हेडफोनला तो तासन् तास इमानेइतबारे आवाज पुरवत राहतो. बोगस लाभार्थी याहून वेगळा काय असतो? नाव यादीत, पुरवठा सुरू, माणसाचा पत्ता नाही. आणि जो खरोखर समोर बसलाय, त्याला उत्तर मिळतं: तुमचं इथून कधीच गेलंय.

हे उत्तर कुठल्या खिडकीवर मिळालेलं नाही, सांगा! धान विकून झालं, रोवणीसाठी काढलेलं कर्ज डोक्यावर आहे, चुकाऱ्यांचं विचारायला माणूस बस बदलून तालुक्याला येतो. त्याच्याकडे पडदा वळवून हिरवी खूण दाखवतात. अनुदानाचंही तेच. ते आधारशी शेवटचं जे बँक खातं जोडलेलं असेल तिथे जातं. ते कुठलं, हे ज्याचं त्याने शोधावं. बाई शपथेवर सांगते, पैसे आले नाहीत. बाबू शपथ न घेता सांगतो, आले. खरा कोण? ज्याच्याकडे पडदा आहे तो. पुन्हा अर्ज केला तर विचारणा होते, एकदा मिळालेलं दुसऱ्यांदा का मागता? ऐकू येत नाही म्हणणाराच इथे चोर ठरतो, आणि चोराने निमूट बस धरून घरी जायचं असतं, तिकिटाचे पैसे स्वतःचे.

बरं, मोजमापाची एवढी हौस, तर ती दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत कुठे जाते? ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम आहेत. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. डीजेच्या भिंतीपुढे छाती हादरते, घरातली भांडी वाजतात, पण तिथे कुणाच्याही दप्तरी पट्टी हलत नाही. असलेल्या आवाजाची नोंद नाही, नसलेल्याची मात्र चोख! त्यापेक्षा झाडीपट्टीच्या नाटकातला साउंडवाला शहाणा. तो मशीनच्या दिव्यांकडे बघत बसत नाही. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला विचारतो, ‘बाबाजी, ऐकू येते का?’ नाही म्हटलं, की उठून वायर हलवतो.

लॅपटॉपचा इलाज सोपा आहे. आउटपुटच्या यादीत त्याचेच स्पीकर निवडा, ब्लूटूथ बंद करा, जॅकमध्ये पिन दोन-चारदा घालून काढा. तरीही गप्प असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधून आवाजाचा ड्रायव्हर काढून टाका आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करा. ड्रायव्हर बहुधा आपोआप परत बसतो. खिडकीपलीकडचाही काढला तर आपोआप परत बसतो, पण सुधारून नाही.

म्हणून एकच मागणी. पडद्यावर हिरवं दिसलं की काम झालं, असं ज्याला ज्याला वाटतं, त्याचा पगार पुढल्या महिन्यापासून तसाच द्यावा. एक तारखेला पडद्यावर पट्टी हलवायची, बस्स. किराणावाल्याने उधारी मागितली, तर त्याला पडदा दाखवावा.