घरबसल्या धिंड काढण्याची सोपी पद्धत

पूर्वी एखाद्याची धिंड काढायची म्हणजे मोठी यातायात असे. गाढव मिळवा, तोंडाला फासायला काळे आणा, चपलांची माळ ओवा, पुढे वाजवायला हलगीवाला गाठा. शिवाय अपराध काय, हे चार माणसांना सांगावे लागे. पुण्यात 1791 मध्ये घाशीराम कोतवालाची धिंड निघाली आणि जमावाने त्याला दगडांनी ठेचले, तेव्हा त्याच्यामागे निदान त्याच्या कोठडीत गुदमरून मेलेल्या माणसांची प्रेते होती. आता एवढे काही लागत नाही. हातात मोबाइल, खिशात दीड जीबी आणि समोर अनोळखी माणूस एवढ्या भांडवलावर काम होते. तरीही पुष्कळजण घाईने आणि अननुभवाने ते बिघडवून ठेवतात. त्यांच्या सोयीसाठी हे मार्गदर्शन.

सगळ्यात महत्त्वाची माणसाची निवड. नवशिके इथेच आपटतात. उत्साहाच्या भरात बिल्डर निवडतात, नगरसेवक निवडतात, आणि दुसऱ्या दिवशी वकिलाची नोटीस हातात घेऊन बसतात. आपला व्हिडिओ निघाला आहे हे ज्याला तिसऱ्या दिवशी मेव्हण्याकडून कळते, तो माणूस उत्तम. वॉचमन, डिलिव्हरीवाला, रिक्षावाला, लोकलच्या चौथ्या सीटवर डुलक्या घेणारा. त्याला उत्तर देताच येत नसेल तर दुधात साखर. जून 2017 मध्ये, कोचीची मेट्रो नुकतीच धावू लागली होती तेव्हा, डब्यात आडवा होऊन झोपलेल्या एका माणसाचा फोटो ‘दारुडा’ म्हणून देशभर फिरला. तो मूकबधिर होता आणि अतिदक्षता विभागातल्या भावाला भेटून थकून परत चालला होता. ‘मी प्यायलेलो नाही’ एवढे ओरडून सांगण्याचीही त्याची सोय नव्हती. याहून आदर्श निवड करणे कठीण आहे. पुढे 2019 मध्ये त्यावर ‘विकृती’ नावाचा मल्याळम चित्रपट निघाला. म्हणजे प्रकरण कलेच्याही उपयोगी पडले.

गणवेशातला माणूस मिळाला तर आणखी बरे, कारण मग आपण एका माणसाला नाही, ‘सिस्टीम’ला उघडे पाडत असतो. 2015 मध्ये दिल्ली मेट्रोत झोकांड्या खात पडणाऱ्या एका पोलिसाचा व्हिडिओ असाच गाजला. लोक खदखदून हसले, खात्याने त्याला निलंबित केले. मग उलगडा झाला, की त्याला पूर्वी पक्षाघात होऊन गेला होता आणि तोल त्यामुळे जात होता. त्याला कामावर परत घेतले. पण हसलेले लोक ते हसू परत घ्यायला आले नाहीत, आणि यावे अशी पद्धतही नाही.

चित्रीकरणाबाबत फार तांत्रिक बोलण्याची गरज नाही. मोबाइल उभा धरावा आणि हात थोडा हलू द्यावा. स्थिर चित्र खोटे वाटते. खरे कौशल्य आहे ते सुरू कधी करायचे यात. भांडणाला कारण घडत असते तेव्हा मोबाइल खिशात ठेवावा. समोरच्याचा आवाज चढला, हात उगारला गेला, की लगेच बाहेर काढावा. हात खाली येऊन तो माणूस रडू लागला, किंवा ‘ताई, चुकलं’ म्हणू लागला, तर तत्काळ बंद करावा. आधीचे आणि नंतरचे दिसले की प्रेक्षकाला विचार करावा लागतो, आणि विचार करणारा प्रेक्षक पुढे पाठवत नाही.

हे सूत्र न पाळल्याने काय होते, त्याची उदाहरणे आहेत. 2014 च्या नोव्हेंबरमध्ये हरियाणातल्या रोहतकजवळ धावत्या बसमध्ये दोन बहिणी तीन तरुणांना पट्ट्याने बडवताहेत, असा व्हिडिओ देशाने पाहिला. वाहिन्यांनी त्यांना वीरांगना केले, राज्य सरकारने सत्कार जाहीर केला. तेवढ्यात कुणीतरी दुसरा व्हिडिओ आणला आणि रंग उतरला. सत्कार लांबणीवर पडला. मार्च 2017 मध्ये न्यायालयाने तिन्ही तरुणांना निर्दोष सोडले. बसमध्ये नेमके काय झाले यावर आजही दोन तट पडतील, पण निकाल मात्र देशाने पहिल्याच संध्याकाळी लावून टाकला होता. लखनौत 2021 मध्ये तर धिंडीची दिशाच फिरली. भर चौकात एका तरुणीने कॅबचालकाला चपराकीवर चपराक लगावली. पोलिसांनी आधी चालकालाच धरले. मग चौकातल्या सीसीटीव्हीचे पूर्ण चित्रण बाहेर आले, गुन्हा तरुणीवर नोंदला गेला, आणि काल ज्यांनी चालकाला शिव्या घातल्या होत्या त्यांनी त्याच तोंडाने तिच्या अटकेची मागणी सुरू केली. बोध एवढाच, की सीसीटीव्ही हा आपल्या कलेचा वैरी आहे. तो खांबावर बसून सगळे सुरुवातीपासून पाहतो आणि त्याला मथळा सुचत नाही.

मथळा मात्र आपल्याला सुचला पाहिजे. व्हिडिओ कितीही सपक असला तरी मथळ्याने तो तारता येतो. ‘बघा ही मस्ती!’, ‘मीडिया हे दाखवणार नाही’, ‘इतका पसरवा की याला नोकरीवरून काढलं पाहिजे’ हे कायमचे आधार आहेत. तारीख कधीही लिहू नये. तारीख नसलेला व्हिडिओ दरवर्षी नवा होतो. गावाचे नावही टाळावे. ‘आपल्याच भागातली घटना’ हे शब्द नाशिकपासून नांदेडपर्यंत सारखेच खरे वाटतात. आणि मूळ व्हिडिओत काही शहाणपणाचे असेल तर ते कापून टाकावे. या शाखेतला आजवरचा सर्वांत यशस्वी नमुना कराचीचा आहे. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यात खेळणारे मूल उचलून पळवतात, अशी ती दृश्ये. मुळात ती मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात होती. शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि सावध राहण्याचा संदेश देणारा फलक उघडतात. भारतात फिरताना तो शेवट गळाला. त्या नमुन्याकडे पुन्हा यायचे आहे.

व्हिडिओ ग्रुपवर पडला की पहिल्या मिनिटात दोन संतापी चेहरे येतात. सी विंगमधले काका ‘अशांना भर चौकात फटकवलं पाहिजे’ असे लिहितात. ते स्वतः जिना उतरताना कठड्याला धरतात. मग कुणीतरी खरा कामाचा माणूस विचारतो, ‘गाडीचा नंबर दिसतोय का?’ इथून प्रकरणाला वेग येतो. नंबर, नाव, कंपनी, बायकोचे फेसबुक, मुलीची शाळा अशा पायऱ्या चढत जाव्यात. चुकीचा माणूस हाती लागला तरी खचून जाऊ नये. मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला मोटारीने दोघांचा जीव घेतला, तेव्हा संताप रास्त होता आणि गुन्हाही भयंकर होता. पण त्या संतापावर स्वार होऊन आरोपी मुलाचा म्हणून एक उद्दाम रॅपचा व्हिडिओ घरोघरी पोचला. त्यातला मुलगा वेगळाच होता, हे पोलिसांना जाहीर सांगावे लागले. अल्पवयीनाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम 74 ने मनाई आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, दोन लाखांपर्यंत दंड आहे. पण कलमे वाचत बसलो तर पुढे पाठवणार कधी?

तसेच भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 चे. बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद, नाहीतर दंड, नाहीतर चक्क समाजसेवा. ग्रुपवर दिवसभर आपण दुसरे काय करतो?

आता ॲडमिन. या सगळ्यात सर्वांत कठीण काम त्याचे, कारण त्याला काहीच करायचे नसते. धिंड चालू असताना त्याने ‘ऑनलाइन’ दिसावे, पण बोलू नये. नंतर कुणी विचारलेच तर ‘प्रवासात होतो, रेंज नव्हती’ हे उत्तर चालते. कायद्याचाही आधार आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सांगितले, की समान हेतू किंवा आधीचे संगनमत नसेल, तर सदस्याने टाकलेल्या मजकुराचा दोष ॲडमिनच्या माथी मारता येत नाही. त्याच्या हाती सदस्य घेणे आणि काढणे याखेरीज विशेष काही नसते. ॲडमिन मंडळींनी हा निकाल पाठ केला आहे. 2022 मध्ये व्हॉट्सॲपने ग्रुपमधला कुणाचाही संदेश सर्वांसाठी पुसून टाकण्याचा अधिकार ॲडमिनला दिला, हे मात्र पाठ केलेले नाही. बरोबरच आहे. अधिकार माहीत असला की वापरावा लागतो.

ॲडमिनने कठोर व्हायची वेळ एकच. धिंड रंगात आलेली असताना एखादा सदस्य विचारतो, ‘पूर्ण व्हिडिओ आहे का कुणाकडे?’ किंवा ‘हा कधीचा आहे?’ असल्या माणसाला आधी ‘ग्रुपचे नियम वाचा’ म्हणून समज द्यावी. तरी ऐकले नाही तर ‘वातावरण बिघडवल्याबद्दल’ काढून टाकावे. नियम कुठे लिहिले आहेत हे तो विचारू शकत नाही, कारण तो आता ग्रुपमध्ये नाही.

खुलासा आलाच तर तो रात्री साडेअकरानंतर टाकावा आणि त्यावर लगेच सुप्रभातची सात फुले येतील अशी व्यवस्था करावी. माफी मागू नये. ‘जसे आले तसे पाठवले’ हे चार शब्द पुरतात. मराठीत इतक्या कमी शब्दांत इतकी जबाबदारी झटकणारे दुसरे वाक्य मला आढळलेले नाही.

शेवटची एक तांत्रिक अडचण. एक संदेश एका वेळी पाचापेक्षा जास्त ठिकाणी पाठवता येत नाही, अशी तक्रार होतकरू करतात. ही मर्यादा जुलै 2018 मध्ये आधी भारतात आली. त्या उन्हाळ्यात मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा देशभर मोबाइलवर फिरत होत्या, आणि कराचीचा तो शेवट कापलेला व्हिडिओ त्यांच्यासोबत होता. 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याला आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाचजण भिक्षा मागत तिथे आले होते. मुले पळवणारे समजून जमावाने त्यांना धरले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि मरेपर्यंत मारले. पाचहीजण गेले. त्या मारहाणीचेही व्हिडिओ निघाले, तेही फिरले. फेब्रुवारी 2024 मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सातजणांना जन्मठेप दिली.

हे लिहिल्यावर मार्गदर्शनाचा सूर पुढे धरवत नाही. तुमच्या ग्रुपवर आज जो व्हिडिओ आला असेल त्याखाली एवढेच लिहा, की हा कधीचा, कुठला आणि याच्या आधी काय झाले. ॲडमिनने काढले तर काढू द्या.