तारपा प्रो, फुल व्हर्जन

लग्नसराई लागली की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर डीजेचा टेम्पो चढतो, आणि त्याच्याबरोबर चढते ती डीजेच्या नावाची आरोळी. चाल तारपा या वाद्याची, ठेका बेंजोचा आणि दर थोड्या वेळाने मधूनच एक घोगरा आवाज रीमिक्स करणाऱ्याचं नाव गर्जून सांगतो. याला टॅग म्हणतात. शेजारच्या तालुक्यातल्या डीजेने आपलं रीमिक्स उचलून स्वतःचं म्हणून वाजवू नये, एवढाच त्याचा हेतू. चोरीविषयीची ही जागरूकता कौतुकाचीच. फक्त हा टॅग ज्या सॉफ्टवेअरवर चिकटवला जातो, ते महाराष्ट्रभर पुष्कळदा पेनड्राइव्हवरून ‘फुल व्हर्जन’ म्हणून आलेलं असतं.

बहुतेकांचं लाडकं सॉफ्टवेअर म्हणजे बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीचं एफएल स्टुडिओ. पूर्वी ते फ्रुटीलूप्स होतं; २००३ मध्ये त्याचं बारसं पुन्हा झालं. कंपनी दिलदार आहे. एकदा पैसे भरा, पुढचे अपडेट आजन्म फुकट. डेमोही दिलदार आहे. गाणं रचा, सेव्ह करा, कोणी अडवत नाही. सेव्ह केलेली फाइल पुन्हा उघडायची असेल तेव्हा मात्र कंपनीला पैशांची आठवण होते.

सर्वांत स्वस्त आवृत्ती ९९ डॉलर. डॉलर ९० रुपयांचा धरला तर ८,९१० रुपये. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे २९ दिवस चर खणले की सॉफ्टवेअर घरी येतं. आल्यावर कळतं, की या आवृत्तीत तारपा रेकॉर्ड करायची सोयच नाही. त्यासाठी वरची आवृत्ती घ्यावी लागते. म्हणजे पुन्हा चर.

गरिबीमुळे चोरी होते असं म्हणावं, तर कान्ये वेस्ट आडवा येतो. २०१६ मध्ये या अमेरिकी रॅपरने आपल्या स्क्रीनचा फोटो स्वतःच जगाला दाखवला. त्यात ‘सीरम’ हा सिंथेसायझर पायरेट बे या चोरीच्या मालाच्या संकेतस्थळावर शोधल्याचं स्पष्ट दिसत होतं. सीरम ज्या कंपनीचा, तिचा सहसंस्थापक डेडमाउस याने त्याची जाहीर हजेरी घेतली. कान्येला रोजगार हमीचं जॉबकार्ड मिळालेलं नाही, हे इथे नोंदवायला हवं.

कंपन्यांनीही करमणुकीत कसर ठेवलेली नाही. जर्मनीच्या स्टाइनबर्गने क्यूबेस या सॉफ्टवेअरसाठी वर्षानुवर्षं यूएसबीचं कुलूप दिलं आणि २०२२ मध्ये ते काढायला सुरुवात केली. मार्च २०२३ मध्ये इस्रायलच्या वेव्हजने जाहीर केलं, की संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायचे प्लगइन यापुढे विकायचे नाहीत, फक्त भाड्याने द्यायचे. वर्षानुवर्षं पैसे मोजलेल्या गिऱ्हाइकांनी असा गदारोळ केला, की काही दिवसांतच कंपनीने दुकान पुन्हा पूर्वीसारखं उघडलं.

यात सरळ वागतं ते रीपर हे सॉफ्टवेअर. विनॅम्प बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेलचं हे अपत्य. ६० दिवस वापरून पाहा म्हणतं आणि ६१व्या दिवशीही चालू राहतं, फक्त पैशांची आठवण करून देतं. त्याच्यावर वर्षाला २० हजार डॉलरपर्यंत कमावणाऱ्या व्यावसायिकाला ते ६० डॉलरला पडतं. ही मर्यादा ओलांडणारा डीजे जव्हारात निघालाच, तर नगर परिषदेने त्याचा सत्कार करावा. एलएमएमएस आणि ऑडॅसिटी तर कायदेशीरपणे फुकट आहेत. पण रीतसर फुकट मिळणाऱ्या मालाला बाजारात इज्जत नसते. चोरीचा असला की दर्जा आपोआप वाढतो.

सॉफ्टवेअरचं कुलूप फोडणारा, म्हणजे क्रॅक करणारा कोण, हे मात्र कोणी विचारत नाही. मोखाड्याच्या बोहाड्यात मुखवट्यामागे कुठल्या घरातला माणूस नाचतोय हे गावाला ठाऊक असतं. इथे मुखवट्यामागचा अनोळखी इसम आधी अँटीव्हायरस बंद करायला सांगतो आणि लोक निमूट करतात.

कायदाही आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३बप्रमाणे जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला किमान सात दिवस कैद आणि किमान ५० हजार रुपये दंड. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल, तर न्यायालय कैद टाळू शकतं. टेम्पोचं भाडं आणि जनरेटरचं डिझेल वजा केलं तर नफा नव्हताच, हे पुष्कळ डीजे शपथेवर सांगू शकतील.

या सगळ्या व्यवहारात पावती कोणी मागत नाही ती तारप्याची. भोपळा, बांबू, ताडाचं पान आणि मेण यांचं हे वाद्य. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांच्या घरी ते पिढ्यान्‌पिढ्या वाजतं. त्यांना २०२६ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तारपा मोबाइलवर टिपून, त्याचा तुकडा कापून, त्यावर स्वतःचा टॅग ठोकायला मात्र कुठलाच क्रॅक लागत नाही.

तेव्हा तारपावादकांनीही दरफलक लावायला हरकत नाही. तारपा डेमो: रात्रभर नाचा, पण थांबलात की तोच फेर पुन्हा धरता येणार नाही. तारपा बेसिक: ऐका, रेकॉर्ड करू नका. तारपा प्रो: रेकॉर्डिंगसह, भोपळा फुटल्यास नवा आजन्म मोफत. मासिक भाडेयोजना: हप्ता चुकला की पाय जागच्या जागी. परदेशी गिऱ्हाइकांना दर त्यांच्याच हिशेबाने, २९ दिवसांची मजुरी. अमेरिकेत केंद्रीय किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर आहे. आठ तासांचा दिवस धरला तर तारपा बेसिकचे होतात १,६८२ डॉलर. जीएसटी वेगळा.