तृप्तीचा तहकूब दावा

शुक्राचार्यांच्या शापाने ययाती राजास अकाली वार्धक्य आले, तेव्हा पाच पुत्रांपैकी चौघांनी ते घेण्याचे साफ नाकारले, धाकट्या पुरूने तेवढे आपले तारुण्य पित्याच्या हवाली केले, आणि सहस्र वर्षांच्या यथेच्छ उपभोगानंतर राजास उमगले ते एवढेच की, उपभोगाने वासना शमत नाही. इतक्या उघड निष्कर्षाला एवढी प्रदीर्घ मुदत का लागावी, याचे मला नवल वाटते. आमच्या मामांबरोबर हापूसचा एक हंगाम काढला असता, तर आषाढापूर्वीच फैसला झाला असता.

फाल्गुनात पहिल्या पेटीचा भाव कानी येताच मामा म्हणतात, ‘‘हा आंबा खायचा की घर गहाण टाकायचं?’’ चैत्रातला त्यांना आंबट लागतो. अक्षय्य तृतीयेला पितरांना दाखवून ताटात आलेला रस पातळ ठरतो. आणि ज्येष्ठात भाव उतरून आंबा आवाक्यात आला की, ‘‘पाऊस लागला, आता त्यात राम नाही!’’ गेल्या वैशाखात मात्र एक अपूर्व फळ निघाले. गवतातून उचलून मामांनी ते देठाशी हुंगले, स्वहस्ते चिरले, आणि आत ना साका, ना रेषा, ना आंबटपणाचा लवलेश! बाठा चोखून पांढरा होईपर्यंत ते अवाक्षर बोलले नाहीत. आम्ही सारे निकालाची वाट पाहत तिष्ठत होतो. अखेर ते उद्गारले, ‘‘अख्ख्या पेटीत असा एकच निघावा, ही काय रीत झाली?’’

माणसांची गतही निराळी नाही. जावई अबोल असला तर शिष्ट, बोलका असला तर आगाऊ. मुलगा घरी असला तर निरुद्योगी, नोकरीवर रुजू झाला तर घरास पारखा. वस्तूत किंवा व्यक्तीत न्यून असते म्हणून आपण असंतुष्ट राहतो, असे मला आता वाटत नाही. पहिला अर्ज मंजूर झाल्याचा हुकूम हाती पडण्यापूर्वीच मनाने दुसऱ्याचा मसुदा तयार ठेवलेला असतो, आणि मंजुरीपेक्षा मसुद्यातच त्याला अधिक गोडी असते. कारण त्या निर्दोष आंब्याने मामांच्या मुद्रेवर जे समाधान आले नव्हते, ते तक्रार सापडताच आले, आणि हात धुता धुता त्यांनी मोठ्या उल्हासाने फर्मावले, ‘‘पुढल्या वर्षी देवगडचा नको, रत्नागिरीचा मागवा!’’