आणि सहकारी

ऑर्केस्ट्राच्या बॅनरवर त्याचा फोटो नसतो. गायिकेचा असतो, निवेदकाचा असतो, ऑक्टोपॅडवाल्याचा तर दोन्ही काठ्या उगारलेला असतो. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत निम्मी गल्ली गॉगल लावून उभी असते. बेस गिटार वाजवणारा बेसवाला मात्र कोपऱ्यात 'आणि सहकारी' एवढ्यातच मावतो. त्यातला तो 'आणि' की 'सहकारी', हे त्यालाही कुणी सांगितलेलं नाही.

भोकर, उमरी, मुदखेड, हिमायतनगर आणि सीमेपलीकडचं भैंसा हा त्याचा मुलूख. एप्रिलात भीमजयंतीचं गीतगायन, मे महिन्यात रिसेप्शनं, मग गणपती, मग नवरात्र. एरवी तो पाण्याच्या मोटारी रिवाइंड करतो, त्यामुळे तारांशी त्याचा संबंध दिवसाही असतो आणि रात्रीही. आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांत बेस वाजवणारे टोनी वाझ हे त्याचं दैवत. हे नाव सांगितल्यावर भोकरच्या बसस्टँडवर कुणाच्याही चेहऱ्यावर काहीही उमटत नाही, हे त्याला ठाऊक आहे. तरी तो सांगतो.

या माणसाच्या आयुष्यात दोन मोठे निर्णय झाले. एक लग्नाचा, तो घरच्यांनी घेतला. दुसरा अ‍ॅम्प घेण्याचा, तो त्याने स्वतः घेतला आणि त्याला जास्त वेळ लागला. पंधरा इंची एक स्पीकर घ्यावा की दहा इंची दोन? पंधरा इंचीत पोट भरतं, पण बोटं ऐकू येत नाहीत. दहा इंचीत बोटं ऐकू येतात, पण समोरचा म्हणतो, आवाज बारीक आहे. आठ ओहमचे दोन बॉक्स समांतर जोडले की चार ओहम होतात आणि अ‍ॅम्पला चार चालत नसतील तर तो जळतो, हे त्याने एका लग्नात वधूपित्याला सांगितलं होतं. वधूपित्याने फक्त 'जळतो' एवढंच ऐकलं आणि जनरेटरवाल्याला फोन लावला.

चौकशी नांदेडच्या वजिराबादपासून सुरू झाली, हैदराबादच्या कोटीपर्यंत गेली आणि दिल्लीच्या लजपतराय मार्केटमधल्या एका फोन नंबरापाशी थांबली. शेवटी घेतला तो 100 वॉटचा, जुना, एका हाताने उचलताना जीभ बाहेर येईल एवढ्या वजनाचा. बायकोने त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "फ्रिजएवढा आहे, फ्रिजच्या किमतीचा आहे, मग थंड का करत नाही?" एसटीत कंडक्टरने विचारलं, "हे काय हाय?" "स्पीकर." "बरं. नांदेडपस्तोर वाजवू नका."

वॉट हा त्याच्या आयुष्यातला सर्वांत त्रासदायक आकडा. नवरदेवाचा मामा स्टेजवर येतो आणि पहिला प्रश्न टाकतो, "किती वॉट?" शेजारी डीजेच्या बॉक्सवर हजारांचे आकडे रंगवलेले असतात. बेसवाला शांतपणे सांगतो की वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला वॉट दहापट लागतात. मामा विचार करतो आणि म्हणतो, "मग दहापट आणायचा होता की, भाऊ."

अ‍ॅम्प लावण्याचा विधी मात्र बघण्यासारखा असतो. बाकीचे वादक चहा पीत असताना हा मांडवामागे खड्डा खणतो. त्यात सळई ठोकतो, मीठ टाकतो, पाणी ओततो. येणारे-जाणारे पाया पडण्याच्या बेतात असतात. हा अर्थिंग करत असतो. अर्थिंग नीट नसेल तर 50 हर्ट्झचा घुमारा अ‍ॅम्पमधून बाहेर पडतो. जाड तारेवरचा तिसऱ्या पट्टीचा 'जी' हा स्वर 49 हर्ट्झचा. म्हणजे गाणं 'जी'मध्ये असेल तर खांबावरची वीज जवळजवळ सुरात साथ करते. पण गायिका ऐनवेळी पट्टी बदलते आणि विजेला बदलता येत नाही.

मग जागा. लाकडी स्टेज आतून पोकळ असतो. अ‍ॅम्प थेट त्यावर ठेवला की सगळा स्टेजच घुमायला लागतो. म्हणून मंगल कार्यालयातून एक गादी मागवली जाते. ती गादी वरपक्षाच्या ज्येष्ठ आत्याबाईंसाठी राखलेली असते आणि त्यावरून मानापमान होतो. कोपऱ्यात अ‍ॅम्प ठेवायचा नाही, कारण दोन भिंती मिळून खालचे सूर फुगवतात. तोंड गुडघ्याकडे ठेवायचं नाही, कारण गुडघ्याला कान नसतात. खाली वीट घालून अ‍ॅम्प मागे कलता करायचा. वीट मागितली की मांडववाला विचारतो, "चूल मांडू लालाव का?"

त्यानंतर येते तपासणी. सगळ्यात जाड तारेच्या मोकळ्या 41 हर्ट्झपासून तो एकेक पट्टी वर चढत जातो आणि वाजवताना स्वतःचा सूर ऐकत नाही, बाकी काय काय वाजतं ते ऐकतो. एका पट्टीला पत्र्याचं छत थरथरतं. दुसरीला पंख्याची पाती बोलतात. 55 हर्ट्झच्या मोकळ्या 'ए'ला स्वयंपाकघरातलं गुलाबजामचं पातेलं झाकणासकट साथ देतं. आचारी बाहेर येऊन विचारतो, "कोण हाय?" बेसवाला कागदावर टिपून घेतो: पत्रा, पंखा, पातेलं. मग ते ते सूर इक्वलायझरवर थोडे खाली ओढतो. मांडवात इतक्या बारकाईने हुंड्याची यादीही केलेली नसते.

बटणांबाबत त्याचं एक तत्त्व आहे: सगळी बटणं आधी बाराच्या काट्यावर, मग पुढचं. घरी रात्री, पोरं झोपल्यावर, हळू आवाजात जुळवलेला गोल गरगरीत सूर स्टेजवर मोठा केला की चिखल होतो, हे त्याला पक्कं माहीत आहे. कारणही माहीत आहे. 1933 साली फ्लेचर आणि मन्सन या दोन अमेरिकनांनी दाखवून दिलं की हळू आवाजात माणसाच्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात. म्हणून घरी आपण बेस जास्त ठेवतो आणि मोठ्या आवाजात तो अंगावर येतो. हा शोध तो ढोलकीवाल्याला समजावून सांगतो. ढोलकीवाला म्हणतो, "अमेरिकेतली पोरंबी लवकर झोपत असतील."

त्याची खरी कला वाढवण्यात नाही, काढण्यात आहे. 250 हर्ट्झच्या आसपास थोडं कापलं की गायकाचे शब्द मोकळे होतात. ढोलकीचा बायाँ जिथे घुमतो तिथून तो स्वतः बाजूला सरकतो. आणि मिडल थोडा वाढवतो, कारण गर्दीत सूर ओळखू येतो तो मिडलमुळे. भीमजयंतीला वामनदादा कर्डकांचं गाणं असेल तर तो आणखी मागे जातो. तिथे लोक शब्दांसाठी आलेले असतात आणि शब्दावर बेस चढवणं त्याला पाप वाटतं.

पण मांडवातल्या जनतेला बेस छातीत हवा असतो. खुर्ची हलली पाहिजे, पाण्याच्या ग्लासात लाटा उठल्या पाहिजेत. दुसऱ्या गाण्याला कुणीतरी येतोच: "बेस वाढव की बे!" यासाठी अ‍ॅम्पला एक दुसरा चॅनेल आहे. त्यात काहीही जोडलेलं नाही. बेसवाला गंभीर चेहऱ्याने त्याचं बटण चार अंश उजवीकडे फिरवतो, डोळे मिटून ऐकतो, अर्धा अंश परत मागे आणतो. समोरचा खूश होतो. "आत्ता कसं!" म्हणतो आणि जाऊन नाचतो. भोकर तालुक्यात हे बटण सर्वांत जास्त झिजलेलं आहे.

रात्री दहाला पोलिसांची गाडी येते. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे त्यानंतर स्पीकर बंद, आणि वस्तीत रात्रीची मर्यादा 45 डेसिबल. तक्रार नेहमी बेसची असते, कारण खालचे सूर भिंतीला जुमानत नाहीत, तीन घरं पलीकडे जाऊन पोहोचतात. पण मीटर ज्या पद्धतीने आवाज मोजतं त्या 'ए' मापात 50 हर्ट्झचा आवाज सुमारे 30 डेसिबलने कमी धरला जातो. म्हणजे बॅनरने मोजलं नाही, आणि आता सरकारी मीटरही मोजत नाही.

अ‍ॅम्पच्या जातीचंही नशीब असंच. लिओ फेंडरने 1951 साली प्रिसिजन बेस बाजारात आणली आणि पुढच्या वर्षी खास तिच्यासाठी 'बेसमन' नावाचा अ‍ॅम्प. बेसवाल्याला प्रथमच स्वतःचं असं काही मिळालं. तर साध्या गिटारवाल्यांना तोच आवडला आणि ते घेऊन गेले. 1962 साली लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानात त्याच सर्किटवरून पहिला मार्शल अ‍ॅम्प तयार झाला आणि पुढे जगभरच्या गिटारवाल्यांनी त्यावर नाव कमावलं. हा इतिहास आमचा बेसवाला सांगतो तेव्हा त्याचा आवाज घरातलं भांडण सांगताना होतो तसा होतो.

खरा शत्रू मात्र आता किबोर्ड आहे. किबोर्डवाला डाव्या हाताने बेस वाजवतो, उजव्या हाताने बासरी, आणि मधल्या वेळात मोबाईलही बघतो. ऑर्केस्ट्राच्या मालकांना एका माणसात दोन मिळतात. यंदाच्या लग्नसराईत तसा फोन आलाच.

"किबोर्डवाला बेस सांभाळायलाय. तुमी काई येऊ नका. तेवढा अ‍ॅम्प पाठवून द्या, किबोर्डला चांगला बसतो."

"हौ, पाठवतो की."

"भाडं किती?"

"माणसासकट बाराशे. नुसता अ‍ॅम्प पंधराशे."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मालक हिशेबाला पक्के. तीनशे रुपये वाचावेत म्हणून त्यांनी माणूसही बोलावला.